अठरा रुळांवरची विहीर

माझी बायको गेली त्याला सात आठवडे झाले. मुलाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात तिचा डबा भरत होतो. दवाखान्यातलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून रोज दुपारी मऊ भात, वरण आणि वर पिळायला लिंबाची फोड घेऊन जायचो. मुलगा म्हणाला, "बाबा, आधी खाली बसा." मी म्हणालो, "बसायला काय झालं? बोल." तो बोलेना, तेव्हा मला कळलं. डब्याला झाकण लावायचं की नाही, एवढंच काही वेळ डोक्यात फिरत राहिलं... शेवटी लावलं आणि डबा घेऊनच गेलो. नर्सबाईने तो माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला. त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की आजी शांतपणे गेल्या. शांतपणे कशाच्या? आदल्या दिवशी दुपारी माझ्याशी भांडत होती. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, तरी बोट नाचवून म्हणाली, "त्या नकाशावाल्या पोट्ट्याले सांगजा, इहीर नाल्याच्या अलीकडे हाय. तुम्ही सांगत नाही, मले माहीत हाय." मी म्हणालो, सांगतो. तिचं माझं शेवटचं बोलणं ते.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. रेल्वेत रुळांच्या कामावर गँगमन म्हणून लागलो आणि मुकादम होऊन सुटलो. सिंगापूरच्या मराठी लोकांच्या पुरवणीसाठी हे सगळं सून टाइप करते आहे. तिला बजावलं आहे की माझा एक शब्दही गोड करायचा नाही. तिने विचारलं, "बाबा, सुरुवातीला आईंचं पूर्ण नाव घालू?" मी म्हणालो, थांब. नाव शेवटी घालू. भांडण नावाचंच आहे, आणि विहिरीचं.

आमचं गाव सावरझिरा. नकाशात शोधू नका. विदर्भात डोंगराच्या कुशीतून जाणारी एक छोटी लाइन होती, वीतभर रुंदीची म्हणून लोक हसायचे, तिच्यावरचं ते स्टेशन. तिथे आधी गाव नव्हतं. कोळशाच्या इंजिनाला चढणीआधी पाणी लागायचं आणि डोंगरातला एक झिरा तिथे खाली उतरत होता, म्हणून साहेब लोकांनी पाण्याची टाकी बांधली, टाकीला पंप आला, पंपाला माणूस आला, मग स्टेशन, मग आम्हा गँगवाल्यांची आठ खोल्यांची चाळ. गाव झालं ते इंजिनाला तहान लागायची म्हणून. एका रेषेतलं गाव. स्टेशनातून रुळाच्या कडेने निघालात की सहा रुळांवर चाळ, चाळीपासून पुढे वीस रुळांवर नाला आणि त्याच्यावरचा पूल, आणि नाल्यापलीकडे लाकडाच्या ठेकेदाराचं कुंपण घातलेलं आवार. बाजूला रस्ता नाही, मागे जंगल. बाजाराला जायचं तर गाडी, दवाखान्यात जायचं तर गाडी, सासरी यायचं तर तीच गाडी. माझी बायको अशीच आली होती. तिचा बाप चार स्टेशनं वर गँगमन होता. लग्न करून आली तेव्हा खिडकीत बसून रुळांचे सांधे मोजत आली होती, खट् खट्, खट् खट्, आणि उतरल्यावर माझ्या आईला पहिलं वाक्य काय बोलली असेल, तर माझं माहेर इथून किती रूळ लांब आहे ते. आई म्हणाली, ही पोरगी आत्ताच परत जायचा हिशेब लावून आली आहे.

रूळ म्हणजे एक लोखंडी पट्टी, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत. आमच्या लाइनीवरच्या बायका सगळं अंतर रुळांत सांगायच्या. पोरगं किती दूर गेलं, सहा रूळ. साप कुठे दिसला, दोन रूळ खाली. मीटर, फर्लांग आमच्या बायकांनी कधी तोंडात घेतले नाहीत, आणि कोणाचं काही अडलंही नाही. सिंगापूरला मुलाकडे आलो तेव्हा सेम्बावांगच्या फलाटावर उभी राहून तिने पहिल्यांदा एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, रूळ वाकून पाहिले. म्हणाली, "याले तं सांधेच नाहीत जी. मोजाचे कसे?" मी सांगितलं की इथे रूळ वितळवून जोडतात. ती म्हणाली, "मंग इथल्या बाया घर किती लांब हाय ते कसं सांगत असतीन?"

आता विहिरीचं. डिझेलचं इंजिन आलं. डिझेलला पाणी लागत नाही. सहा महिन्यांत वरून हुकूम आला, पंप बंद. पंपाशिवाय झिऱ्याचं पाणी वर येत नव्हतं, म्हणून टाकी कोरडी, आणि त्याच पंपावर चालणारा चाळीचा नळही कोरडा. हुकूम काढणाऱ्याला टाकी दिसत होती, नळ दिसत नव्हता. आमच्यासाठी काय, तर आठवड्यातून दोनदा गाडीला पाण्याचा एक डबा जोडून यायचा. तो गळका. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत अर्धा. गाडी थांबणार पाच मिनिटं, आणि तेवढ्यात आठ घरच्या बायका, घागरी, कळशा, एकमेकींच्या झिंज्या. स्टेशन मास्तरचा रांजण आधी भरायचा, मग बाकीचे. नाल्यापलीकडे ठेकेदाराने त्याच्या आवारात विहीर खणली होती. त्याचे बैल तिचं पाणी प्यायचे. आमच्या बायका कुंपणाशी गेल्या तर त्याचा माणूस कुत्रं सोडायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या कुत्र्याने माझ्या बायकोच्या पोटरीचा लचका तोडला होता आणि तो व्रण घेऊन ती गेली.

तो उन्हाळा सुरू झाला तेव्हा तिने एक दिवस घागर फलाटावर आपटली आणि सगळ्या बायकांना नाल्याच्या दिशेने घेऊन गेली. चाळीपासून अठरा रुळांवर, नाल्याच्या अलीकडे, एक उंबर होता. भर उन्हात हिरवागार, म्हणजे मुळाशी पाणी. तिने पहारीने तिथे खूण केली आणि म्हणाली, खंदा. आम्ही गडी हसलो. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. बायकांनी पहिले सात-आठ दिवस एकट्यांनी खणलं, मग आमची आम्हालाच लाज वाटली आणि ड्यूटी सुटल्यावर आम्ही उतरलो. मास्तर धावत आला, रेल्वेच्या जमिनीत परवानगीशिवाय खड्डा खणता, इन्स्पेक्टर येईल, नोकऱ्या जातील. मी पहार खाली ठेवली. ती खड्ड्यातून वर बघून म्हणाली, "येऊ द्या इन्स्पेक्टरले. आला म्हंजे त्याले पानी लागनच. तुमचा रांजन रिकामा हाय, आज मीच पाह्यला." मास्तर गेला तो परत फिरकला नाही. तीन परसांवर, म्हणजे तीन पुरुष खोलीवर, पाणी लागलं. गोड पाणी. पहिली घागर तिने मास्तरीणबाईंना नेऊन दिली. मी चिडलो, तर म्हणाली, "त्याईचं लेकरू तापानं फनफनलं हाय. तुमची अक्कल गहान हाय का?"

पुढे स्टेशनचा हॉल्ट झाला, मग हात दाखवला तरच गाडी थांबू लागली, आणि एक दिवस मोठी लाइन टाकायची ठरली ती डोंगराला वळसा घालून, दुसरीकडून. आमची लाइन बंद. जे रूळ आम्ही घातले, उन्हातान्हात ठोकून सरळ ठेवले, ते आम्हालाच उपटायला लावले. ती दारात उभी राहून किती गेले ते मोजायची. संध्याकाळी मी घरी आलो की आकडा सांगायची, आणि मी म्हणायचो, गप्प बस. चाळ रिकामी झाली, सावरझिरा संपलं. आता तिथे म्हणे सागाचं रोपवन आहे.

आणि एवढं सगळं झाल्यावर, इथे सिंगापुरात, निखिल नावाचा एक पुण्याचा इंजिनिअर आम्हाला गणपतीच्या कार्यक्रमात भेटला. इथल्या वन-नॉर्थ नावाच्या भागात कॉम्प्युटरचं काम करतो, पण नाद जुन्या रेल्वेलाइनींचा. आम्ही सावरझिऱ्याचे म्हटल्यावर त्याने तिचे पायच धरले. म्हणाला, "काकू, तुमचं स्टेशन मला फक्त एका जुन्या नकाशात सापडलंय. मी त्याच्यावर पुस्तिका करतोय." मग रविवारी येऊ लागला. ती भाकरी आणि ठेचा करायची, तो घाम पुसत खायचा आणि फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करायचा. पोरगं चांगलं आहे, वाईट म्हणणार नाही. पण विचारायची तऱ्हा बघा.

"काकू, चाळीपासून विहीर किती अंतरावर?"

"अठरा रूळ."

"म्हणजे मीटरमध्ये साधारण?"

"साधारन नाही, बराबर अठरा."

आमची नात शेजारी बसून हसायची. तिची शाळा इंग्रजी, मराठी समजतं पण बोलणं मिसळीचं, थोडं हिंदी आणि शेवटी इथल्या लोकांचं 'लाह'. "आजी, मीटर में सांग लाह!"

"तू चूप बस. तुह्या मीटरवर पानी नाही भरलं मी."

निखिलने एकदा कच्चा नकाशा दाखवायला आणला तेव्हा तिला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. नाला कुठे, विहीर कुठे असं विचारून तिने दोन्हीवर एकेक बोट ठेवलं, आणि विहिरीचं बोट नाल्याच्या पुढे गेलेलं तिला कळलं. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला, इहीर नाल्याच्या पल्याड दाखवली का त्यानं? निखिल म्हणाला, "बघतो काकू, चेक करतो." मग तिची तब्येत ढासळली, दवाखाना सुरू झाला, आणि पोराने काही चेक केलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, आता हिच्या श्वासाचं बघू की विहिरीचं बघू.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी पुस्तिका निघाली. जुरोंग ईस्टला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मुलगा म्हणाला, बाबा, आईच्या आठवणी आहेत त्यात, चला. गेलो. एमआरटीत सगळा वेळ मी खाली बघत बसलो. हॉलमध्ये चहा, वडे, भिंतीवर इंजिनांचे मोठमोठे फोटो. पुस्तिका हातात दिली गुळगुळीत कागदाची. पान अकरावर सावरझिऱ्याचा नकाशा. स्टेशन बरोबर, चाळ बरोबर, नाला बरोबर. आणि विहीर? नाल्याच्या पलीकडे. ठेकेदाराच्या आवारात. खाली बारीक अक्षरात, ठेकेदाराचं नाव-आडनाव घालून, छापलं होतं की वस्तीतल्या लोकांसाठी विहीर लाकूड ठेकेदाराने खोदून दिली. खोदून दिली! आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरात: माहिती, एका गँगमनची पत्नी.

मी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. तेच. मग मी तिथेच उभा राहून ओरडलो. बँकेत काम करणाऱ्या कुणी बाई होत्या, जवळ येऊन माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "आजोबा, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. बसा, पाणी घ्या."

मी म्हणालो, "दुःख झालं म्हणून विहीर सरकते का? आणि पाणी कोणाच्या विहिरीचं देता, त्या ठेकेदाराच्या?"

मुलाने मला बाहेर नेलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाबा, लोक बघतायत." बघू देत. आईच्या विहिरीवर दुसऱ्याचं नाव लागलं तेव्हा कोणी बघत नव्हतं ना. निखिल मागून पळत आला. त्याने फोनवर त्याचा हिशेब दाखवला. अठरा रूळ गुणिले तेरा मीटर, म्हणून विहीर नाल्यापलीकडे पडली, आणि तिथे ठेकेदाराने विहीर खणल्याचा कागद त्याला मिळाला होता, म्हणून ती तीच विहीर असणार. मी विचारलं, तेरा मीटर कुठल्या रुळाचे? म्हणाला, "काका, रेल्वेचा स्टँडर्ड रूळ तेरा मीटरचाच असतो." अरे, मोठ्या लाइनीचा! बेचाळीस फुटांचा! आमची छोटी लाइन, तिचा रूळ तीस फुटी. मी तो खांद्यावर वाहिला आहे, मला विचारायचं होतंस. अठरा त्रिक चोपन्न, म्हणजे पाचशे चाळीस फूट, आणि नाला सहाशे फुटांवर. विहीर अलीकडेच येते. तिने एक फूटही इकडचा तिकडे सांगितला नव्हता.

पोराचा चेहरा पडला. कारणं दिली नाहीत त्याने, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. म्हणाला, "काका, चुकलंच माझं. मी दुरुस्त करतो." पण माझा राग अर्धाच निघाला होता. म्हणालो, "आणि हे एका गँगमनची पत्नी काय? दोन वर्षं तिच्या हातचं खाल्लंस. ठेकेदाराचं नाव आडनावासकट छापलंस, आणि तिचं नाव घालायला तुझी शाई संपली?" त्याने फोन खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "काका, रविवारी घरी येतो. तेव्हा बोलू."

रविवारी आला. मी भाकरीचं विचारलं नाही. त्याने फोन टेबलावर ठेवला, म्हणाला, "काका, हे तुम्हाला ऐकवावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं." आणि लावलं. तिचा आवाज आला... भाकरी थापल्याचा आवाज, पंखा, नातीचं हसणं, आणि ती बोलते आहे, उंबराचं, पहारीचं. मग निखिल विचारतो, "काकू, पुस्तकात तुमचं नाव काय लिहू?" आणि ती तोंड उघडायच्या आत एक पुरुषी आवाज येतो, मोठा, खुशीत आलेला. "नाव कशाला? गँगमनची बायको लिहा. सगळी लाइन तिला तेवढ्यानेच ओळखते." आणि तो माणूस हसतो.

तो माणूस मी.

त्यानंतर फोनमध्ये भाकरी थापायचा आवाज थांबतो. मग ती म्हणते, "लिही तसंच. पन इहीर बराबर दाखवजो, बाप्पा." आणि पुन्हा थापायला लागते.

निखिलने फोन बंद केला. हॉलच्या दारात त्याला फाडून खाल्लं होतं मी. आमच्यात नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, बायकोनेही नवऱ्याचं नाही. मी तिला "ऐकते का" म्हणायचो, ती मला "अवो" म्हणायची, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण रीत होती हाक मारायची. नाव लिहू नका अशी रीत कोणी घातली होती? पोरगं पेन घेऊन विचारत होतं, ती समोर उभी होती, आणि मी तिचं नाव तिच्या तोंडातून काढून घेतलं, वर हसलो. तिने आयुष्यात कधी काही सोडलं नाही, मास्तरला नाही, ठेकेदाराला नाही. माझ्यासमोर तेवढं सोडलं, आणि विहीर तेवढी धरून ठेवली. इथे दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं की मी तिचं कार्ड पुढे सरकवायचो. तेव्हाही नाही घेतलं. ती शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसलेली असायची.

ठेकेदारावर मला राग आहे, तो मरेपर्यंत जाणार नाही. पंप बंद करणाऱ्यावर आहे, लाइन उपटणाऱ्यावर आहे. आता त्यांच्या रांगेत मी स्वतःही उभा आहे, आणि मला कोणी "जाऊ द्या काका, त्या काळी तसंच होतं" असं म्हणायला येऊ नये. दोघं-तिघं येऊन म्हणाले. त्यांना चहासुद्धा दिला नाही.

निखिल दुरुस्त नकाशाची पानं छापून घेऊन आला. न वाटलेल्या पुस्तिकांचा गठ्ठाही आणला. नातीने पानं कापली आणि पान अकरावर चिकटवली. नकाशाखाली त्याने माझ्या सांगण्यावरून जागा कोरी ठेवली होती. ती मी भरली, प्रत्येक प्रतीत, माझ्या हाताने, चौथीतल्या अक्षरात. पहिल्या प्रतीवर जोडाक्षर फुटलं. नात म्हणाली, "आजोबा, प्रिंट करू या ना, फास्ट होईल." मी म्हणालो, नको. हे हळूच व्हायला पाहिजे. ती एकेक प्रत माझ्यापुढे सरकवत राहिली. शेवटच्या प्रतीपर्यंत अक्षर बरं यायला लागलं होतं.

पण त्या दिवशी हॉलमधून बऱ्याच जणांनी पुस्तिका घरी नेली, आणि त्यात चूक तशीच आहे. ही पुरवणी तुमच्यापैकी पुष्कळांच्या फोनवर येते, म्हणून तर लिहायला बसलो. ही विनंती समजू नका, सांगणं समजा. कपाटातून पुस्तिका काढा. पान अकरा. पेन घ्या, पेन्सिल नको. नाल्यापलीकडची विहीर खोडा, ठेकेदाराचं नाव खोडा. नाल्याच्या अलीकडे, पुलाला लागून नाही, थोडं चाळीकडे, एक छोटा गोल काढा. मग खाली "एका गँगमनची पत्नी" असं आहे त्याच्यावर जाड रेघ मारा आणि शेजारी लिहा: वच्छला.

आडनाव लिहू नका. ते माझं आहे.